पंच मिळेल का, पंच?

इंग्रजी सिनेमे पाहून हल्ली आपल्याकडेही लोक फौजदाराला विचारतात, "साहेब, वॉरंट आहे का?" अमेरिकेत ते शोभते. 1978 साली मिन्सी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, घरात खून झाला म्हणून पोलिसांना मोकळे रान नाही. आपल्याकडे घटनास्थळासाठी वेगळे वॉरंट नाही. घराच्या झडतीचे वॉरंट न्यायालय देते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 96 खाली. तेवढी सवड नसेल तर तपास अधिकारी कलम 185 खाली कारणे लिहून थेट उंबरा ओलांडतो आणि 48 तासांत नकला दंडाधिकाऱ्यांकडे धाडतो. लिहिता येणाऱ्या माणसाला कारणांची ददात नसते.

ददात असते ती पंचांची. कलम 103 म्हणते, झडतीला त्याच भागातले दोन किंवा अधिक "स्वतंत्र आणि प्रतिष्ठित" रहिवासी हवेत. आता समजा, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडात एका घराची झडती घ्यायची आहे. तरणी पोरे मुंबईला. गावात उरले म्हातारे, आणि त्यातले निम्मे त्या घराच्या भावकीतले, म्हणजे स्वतंत्र नव्हेत. उरलेले निम्मे त्या घराशी बांधावरून भांडलेले, म्हणजे फारच स्वतंत्र. जिजाऊंच्या समाधीच्या वाटेवर ताक विकणारी मावशी शिपाई दिसताच मडके झाकते. "माझं काय काम तिथं? सही केली की महाडच्या कोर्टात खेटे कोण घालणार? तुम्ही?" लेखी आदेश असताना विनाकारण नकार दिला तर तोही गुन्हा आहे, हे शिपाई तिला सांगत नाही, ताक त्यालाही प्यायचे असते.

मग ठाण्याच्या ओळखीचा पंच येतो. तो इतक्या पंचनाम्यांवर सही करून बसलेला असतो की आरोपींपेक्षा त्याचीच हजेरी जास्त. खटला उभा राहिला की तोच म्हणतो, "मी चहा प्यायला गेलो होतो, कोऱ्या कागदावर सही घेतली."

यावर उतारा म्हणून 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेने कलम 105 खाली झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले. कॅमेऱ्याला भावकी नसते, हे खरे. पण गडावरून धुके उतरले की ते चित्रीकरण पुढे पाठवायला पाचाडात रेंज शोधणे हाच एक तपास होऊन बसतो. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञही घटनास्थळी यायचा आहे. फक्त ती सोय लावायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर पायाचे ठसे कोकणच्या पावसात टिकवण्याची जबाबदारी चोराची.

तेव्हा झडती तुमच्या दारी आलीच, तर शेताकडे पळू नका. झडतीच्या वेळी हजर राहायचा आणि जप्त मालाच्या यादीची नक्कल मागायचा हक्क त्याच कलम 103 ने दिला आहे. पंचांनी यादी वाचून सही केली ना, तेवढे डोळ्यांनी बघा.