प्रलंबित प्रकरण क्रमांक ११९८२

सेवानिवृत्त अव्वल कारकुनाचे वर्णन करण्याची गरज नाही. पेन्शन सुरू होताच ज्याला स्वतःच्याच घरात मिसलींची उणीव भासू लागते, तो गृहस्थ वाचकांच्या गल्लीतही असेलच. आमच्या गल्लीतल्याला आम्ही आप्पा म्हणतो. गावाचे मुक्ताईनगर झाले, तरी आप्पांच्या तोंडी ते एदलाबादच राहिले आहे. कारण जुन्या दप्तरात तसेच आहे.

पुण्याच्या चिरंजीवांनी आपला जुना संगणक तीर्थरूपांच्या गळ्यात घातला, तेव्हा चार लोकांसारखे हेही पत्ते खेळत बसतील, एवढीच आमची अटकळ होती. परंतु १९९० साली विंडोजबरोबर अवतरून ज्याने देशोदेशींच्या कचेऱ्यांतला वेळ फस्त केला, तो सॉलिटेअर आप्पांनी पहिल्याच दिवशी नामंजूर केला. त्यात पाने पालथी असतात, आणि निम्मे कागद दडवलेल्या प्रकरणावर फैसला देणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस मानवेना. त्यांनी फ्रीसेल पत्करला. बावन्नच्या बावन्न पाने आठ रांगांत उताणी, अडलेले पान तूर्त ठेवायला चार मोकळी घरे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक डावाला क्रमांक! अनुक्रमांक पाहून आप्पांना गहिवरून आले असावे.

दुसऱ्याच दिवशी नोंदवही आली. दाखल तारीख, निकाल, शेरा. सुटलेला डाव 'निकाली', हरलेला 'फेरचौकशीस', आणि लाईट गेल्यास 'दैवी आपत्ती, सबब तहकूब'. किलवरच्या दुर्रीने वाट अडवली, की 'सदर इसम सहकार्य करीत नाही' असा शेरा पडे. रोज सात-आठ याप्रमाणे पहिल्या क्रमांकापासून एकही न गाळता कामकाज चालले, आणि काही वर्षांनी आप्पा ११९८२ या क्रमांकापाशी येऊन थांबले.

तेव्हापासून त्या घरात गेलेला मनुष्य सुखरूप परतत नाही. पालखीची वर्गणी मागायला आलेले, सिलिंडर पोचवणारा पोरगा, केळीचा भाव सांगायला डोकावलेला शेजारी, सर्वांना शेजारच्या खुर्चीत बसवून एकच आर्जव : "बस ना भाऊ, एवढं एक प्रकरण पाहून जाय." मी सातबाऱ्यावरची एक नोंद वाचून घ्यायला गेलो होतो, तो ऐन वैशाखात दोन तास, तीन चहा आणि अकरा पराभव पदरात घेऊन बाहेर पडलो. सातबारा पिशवीतच राहिला.

सूडबुद्धीने मी माहिती काढली. १९९४-९५ साली शंभरावर हौशी खेळाडूंनी या खेळाचे मूळचे ३२,००० डाव आपसांत वाटून घेऊन एकेक सोडवला होता, आणि सरतेशेवटी एकच उरला होता. क्रमांक ११९८२. तो सुटतच नाही! हे वर्तमान घेऊन, विजयी मुद्रेने, मी दुसऱ्या दिवशी आप्पांकडे हजर झालो.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले, नोंदवही उघडली आणि ते पान माझ्यापुढे सरकवले. तांबड्या शाईत तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि त्यापुढे : 'निकाली निघणे अशक्य. तथापि प्रकरण उघडे ठेवावे.'

आप्पांच्या ओट्यावर पूर्वी संध्याकाळी चौघांचा मेंढीकोट रंगत असे, दश्शी पकडल्याचा आरडाओरडा पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई, हे मला तेव्हा आठवले. त्यांतला एक लेकीकडे नाशिकला गेला, एक देवाघरी, आणि तिसऱ्याला आता हुकूम कोणता ते ओरडून सांगितले तरी ऐकू येत नाही. मेंढीकोट दोघांत होत नाही. एकट्यात तर नाहीच.

"सातबारा आणला का?" आप्पांनी विचारले.

आणला होता. तो मी पिशवीतच राहू दिला आणि खुर्ची पुढे ओढली. आत चहा सांगून आप्पा परत आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी तो इस्पिकचा गुलाम हलव. काल त्याच्याच पायी अडलो."