दाते

माझी सायकल दिसण्याआधी ऐकू येते. कॉटर पिन ढिली, म्हणून पेडलच्या दर फेरीला एक 'खट'. त्यावर चेनची करकर. पिंप्राळ्यात गल्लीच्या तोंडाशी हा आवाज आला की बायको तवा ठेवते. मी कुलूप लावून आत येईस्तोवर कळण्याची पहिली भाकरी तयार.

यंदा भर वैशाखात शिवाजीनगरचा पूल चढताना, उभं राहून जोर लावला आणि चेन उडाली. पेडल रिकामं फिरलं, मी दांडीवर आदळलो. कुठे आदळलो ते विचारू नका.

"चेन लांबली भो," कोपऱ्यावरचा मिस्तरी म्हणाला. हे तो बारा वर्षं म्हणतोय. चेन सैल पडली की चाक मागे ओढायचं, तेही पुरेना झालं की कड्यांची एक जोडी काढून टाकायची. मी याला काटकसर समजत होतो. खरं तर लोखंड लांबत नाही, प्रत्येक कडीतली पिन झिजते. नव्या चेनच्या चोवीस कड्या मोजून 12 इंच भरतात. मुलाच्या कंपासपेटीतली फूटपट्टी लावली, तर माझ्या सव्वाबारा. आणि झिजवलं कोणी? मीच. गॅरेजवाल्याकडून फुकट मिळतं म्हणून जळकं ऑइल सोडायचो, त्यावर खान्देशातल्या काळ्या मातीची धूळ बसायची. बारा वर्षं मी चेनला तेल नव्हे, कानस लावत होतो.

नवी चेन टाकली. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावरसुद्धा उडायला लागली.

"नुसती चेन टाकून उपेग नाही भो. फ्रीव्हीलचे दाते पाहा, वाघनखं झाली."

"मग काल का नाही सांगितलं?"

"काल तुम्ही चेनच मागितली."

मी मूळचा धुळ्याचा. पक्का माल आग्रा रोडलाच मिळतो, अशी माझी श्रद्धा आहे. मेव्हणीकडच्या साखरपुड्याचं निमित्त होतंच. एरंडोल, पारोळा करत नव्वद किलोमीटर एसटीने गेलो. जाण्यायेण्याचं तिकीट फ्रीव्हीलपेक्षा महाग पडलं, हे घरी सांगितलेलं नाही. दुकानदाराने जुनं फ्रीव्हील उजेडात धरलं आणि म्हणाला, "भाऊ, नुसती चेन टाकशी तं उडीच ती. मंग माले बोल लावू नको." अहिराणीत आदर 'भाऊ'मध्ये असतो, क्रियापदात शोधू नये. पूल चढायचा म्हटल्यावर त्याने अठराऐवजी वीस दात्यांचं दिलं. पुढे 48 दाते, चाक 28 इंची. म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सहा मीटर जायची, ती आता सव्वापाचाच्या थोडं वर जाईल. पुण्याचा भाचा एकवीस गिअरची सायकल दाखवून मला अपग्रेड करायला सांगत असतो. केलं. दोन दाते वाढवले.

जुनं फ्रीव्हील मात्र निघेना. त्याचे आटेच असे की पेडल मारावं तसं ते आणखी आवळत जातं. म्हणजे बारा वर्षं रोज ऑफिसला जाता-येता मी ते घट्ट करत होतो. मिस्तरीने पाना वाइसमध्ये पकडला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि ट्रकचं स्टिअरिंग धरल्यासारखं दोघांनी मिळून फिरवलं. कडाड्‌ असा आवाज झाला. मला वाटलं माझा खांदा गेला. पण फ्रीव्हील सुटलं होतं. लगोलग पुढचं चेनव्हील बदललं, कॉटर पिन हातोडीने ठोकून बसवली.

संध्याकाळी लोण्यासारखा घरी आलो. आत गेलो तर बायको पाटावर बसून मालिका बघत होती. दचकलीच. "अहो, आवाज न करता काय येता चोरासारखे! आता पीठ मळू, मग तवा. उद्यापासून घंटी वाजवत या."

घंटी गेली तीन वर्षं मुकी आहे. सकाळी मिस्तरीकडे नेली. म्हटलं, वाटी गंजली असेल, तेवढी नवी टाक. त्याने वाटी फिरवून काढली, आत फुंकर मारली आणि बराच वेळ बघत बसला.

"नुसती वाटी टाकून उपेग नाही भो. आतले दाते गेले."