छत्रीतलं तूप

"अगं पोरी, धुणं राहू दे, कुंपणापाशी ये. नाक्यावरच्या दुकानातलं ऐकलंस का? शनिवारी एकीने तुपाची बरणी छत्रीत घातली!"

"काय सांगता काकू! मग?"

"दारात आली, बाहेर ही मुसळधार. सवयीने छत्री उघडली आणि बरणी पायावर! ताम्हिणी घाटात फिरायला निघालेली माणसं, ही मोठी गाडी. मुकाट्याने पैसे टाकून गेली. आणि दुकानदार चोरीच्या संशयाने दोन महिने वाडीवरच्या शाळकरी पोरांची दप्तरं उचकत होता."

"पोरांची माफी मागितली का?"

"कुठली! पूर्वी बरं होतं. मधे फळी, आपण यादी वाचायची, तो पुड्या बांधायचा. आता टोपली घेऊन आपणच हिंडायचं."

"पण कॅमेरा लावलाय ना?"

"पाऊस लागला की इथं वीज टिकते का? म्हणून शनिदेवाचा फोटो टांगला. जिन्यात थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावतात, तसा. शनी शिंगणापूरला त्याच्याच भरवशावर घरांना दारं नाहीत ना!"

"हो, तिथं २०११ मध्ये युको बँकेनेही बिनकुलपाची शाखा उघडली. पण काचेचं दार ठेवलंच हो. मिझोराममध्ये सेलिंगच्या बाजूला हायवेवर तर दुकानात माणूसच नसतो. भाजी, दराची पाटी आणि पैशांचा डबा. मालक शेतात."

"आपल्याकडं शनिवार-रविवारी डबाच जाईल! त्यापेक्षा पोलिसात द्यावं."

"आता कायदाही बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, चोरी पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिलाच, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची."

"मग ताम्हिणीतल्या बाटल्या वेचायला लावा म्हणावं! पण खरी अक्कल लढवली ती दुकानदाराच्या बायकोने. दारात बादली ठेवली. 'ताई, फरशी ओली होते, छत्री इथं ठेवा.' तूप, ब्लेड, चॉकलेट, सगळं गल्ल्याजवळ आणलं. आणि आल्या-गेल्याला हाक, 'या, काय काढू?' कुणाचं दप्तर नाही तपासलं, कुणाचा फोटो ग्रुपवर नाही टाकला."

"हाक मारली की माणसाचा हात आपोआप आखडतो. आणि काकू, शेंगदाण्याच्या पोत्यावरही तिने झाकण घातलंय बरं."

"ते कशाला?"

"तुम्ही बिलासाठी थांबता तेव्हा मूठ मूठ तोंडात टाकता ना."

"अगं, ती चव बघणं असतं!"

"असेल. पण त्यांच्या वहीत ती तूट म्हणूनच लिहिली जाते."