रोडगे आधी, भाषणं नंतर

अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेत रोडगे अन् वांग्याची भाजी पोटात गेल्याशिवाय वऱ्हाडी माणसाला देव भेटल्यासारखं वाटत नाही. पंगत हजाराची असो, रोडगे गरमच. जाडसर कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून गरम राखेत पुरले, की बराच वेळ ऊन राहतात. राख झटकायची, फोडायचे, वर तूप.

हे गुपित पुढाऱ्यांना कळलं, हाच घोळ! स्वयंपाक तयार, आचारी तयार, लोक तयार; पाहुणे मात्र वाटेत. मग सत्कार, मग 'दोन शब्द'.

अकोल्याच्या लग्नांत तेवढी सोय नाही. वरात नाचत राहते आणि आधीच तळलेल्या पुऱ्यांचं चामडं होतं.

वांग्याची भाजी थांबून मुरते तरी. भाषणांबद्दल तसं म्हणवत नाही.