ट्रायजवीर

सिडकोत कॅनॉटच्या आसपास चौकशी केली, तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला एखादा ट्रायजवीर सापडतोच. कोड अजून धड लिहिता येत नाही, पण लिब्रेऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे बिघाडांच्या तक्रारवहीवर, खातं उघडलेलं असतं. आई ओरडते, "जेवण निवायलंय!" हा आतून म्हणतो, "थांब, ब्राझीलचा बग बघायलोय."

तक्रारी निवडण्याचं हे काम, म्हणजे ट्रायज, तसं घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या दारावरच्या डॉक्टरचं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला उद्या ओपीडीला बोलवायचं, कोण उगाच आलाय. फरक इतकाच की तो डॉक्टर निदान शिकलेला असतो. आमचा वीर पहिल्या आठवड्यात सरसकट सगळ्यांना घरी धाडतो. फाइल उघडत नाही म्हणून कोणी पानभर गाऱ्हाणं मांडलेलं. हा खाली लिहितो, 'माझ्याकडे चालतंय', आणि 'वर्क्सफॉर्मी'चा शिक्का मारून मोकळा. चालणारच, ती फाइल याने उघडलीय कुठे? दोन तक्रारींत 'क्रॅश' शब्द दिसला की दुसरी लगेच 'ड्युप्लिकेट'.

हौशींचा उपद्रव मोठाच. 2020 च्या हॅकटोबरफेस्टात, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या उपक्रमात, बक्षिसाच्या टी-शर्टापायी लोकांनी प्रकल्पांवर इतका कचरा ओतला, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले.

तरी मी याच्याच बाजूचा. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या उडतात, ही तक्रार बर्लिनच्या जाणत्याला वाचून कळत नाही. याला एका नजरेत कळते. मग बायबिसेक्ट. जुन्या आवृत्त्यांच्या ढिगातली मधली उघडायची, वेलांटी शाबूत आहे का बघायचं, निम्मा ढीग बाद. हजार आवृत्त्या असल्या तरी दहा वेळा उघडझाप केली की बिघाड कुठे शिरला ते सापडतं. यात कोड लिहावा लागत नाही. चिकाटी लागते, आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्री याच्याकडे भरपूर असते.

शेवटी दोन वर्षं पडून असलेली तक्रार 'अनकन्फर्म्ड'ची 'न्यू' होते. हा बाहेर येऊन जाहीर करतो.

"म्हणजे दुरुस्त झालं?" वडील विचारतात.

"नाही. आता ती खरी आहे, एवढं ठरलं."

"पैसे?"

"नाही."

"मग आपला प्रिंटर बघ. कधीचा बंद पडलाय."

"मॉडेल कोणतं? नेमकं काय केल्यावर बंद पडतो? क्रमाने सांगा."

"तुला बघायला सांगितल्यावर."