भद्रावतीला नदीकाठचे घर

भद्रावतीत नदीकाठी घर मिळते आहे, हे आम्हां भद्रावतीकरांना परवा ई-मेलने कळले.

झाले असे, की आमच्या गल्लीतले आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काकाजी नागपूर रस्त्यावरच्या एका साईटवर सहज डोकावले. तिथल्या पोराने चहा पाजला, नातवंडांची चौकशी केली आणि नाव, मोबाईल, ई-मेल रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. त्या घटकेपासून काकाजी माणूस राहिले नाहीत, ‘लीड’ झाले. दुसऱ्याच सकाळी पत्र हजर: ‘भद्रा नदीच्या रम्य काठी, ऐतिहासिक पोलाद कारखान्याच्या सान्निध्यात आपले घर आपली वाट पाहत आहे.’

नदी खरी आहे, कारखानाही खरा आहे. फक्त दोन्ही कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या भद्रावतीत आहेत. पत्र लिहिणाऱ्या एआयने दोन गावांची सोयरीक परस्पर जुळवून टाकली. आमच्याकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत, भद्रनाग आहे, विजासनची लेणी आहेत, पार्श्वनाथाचे मंदिर आहे आणि स्टेशनाचे नाव भांदक आहे. चहा पाजणाऱ्या पोराला हे सगळे ठाऊक होते. पण पत्र त्याने वाचलेच नव्हते. वाचायचेच असेल तर यंत्र कशाला घेतले, असे मालकाचे म्हणणे!

मग पत्रांची रांगच लागली. भर मे महिन्यात ‘उन्हाने न्हालेली बाल्कनी’ आली. चंद्रपूर जिल्ह्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा तशा बाल्कनीत कैद्यालाही ठेवत नसतील. पुढच्या पत्रात ‘निसर्गाच्या कुशीत’. ताडोबाच्या शेजाऱ्यांना निसर्गाकडे जावे लागत नाही. तोच कुंपण ओलांडून येतो आणि कधीकधी त्याच्या अंगावर पट्टे असतात. ‘नीरव शांतता’ वाचत असताना खाणीत ब्लास्टिंग झाले आणि फळीवरची भांडी हसली.

काकाजींनी उत्तरादाखल तीन साधे प्रश्न पाठवले. जमीन अकृषक झाली काय? लेआऊट मंजूर आहे काय? महारेराचा नंबर काय? चहा पिऊन होण्याआधी उत्तर आले: ‘किती विचारपूर्वक प्रश्न! घर म्हणजे केवळ कागद नव्हेत, ती एक भावना आहे.’ खाली नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा.

“बोलते तं लय,” काकाजी म्हणाले, “पन सांगत काईच नाई.”

माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. ते शिकवले तेवढेच करते, आणि त्याला बुकिंगच्या टोकनपर्यंतचेच शिकवले आहे. टोकन देईपर्यंत साईटवाला तुमचा फॉलोअप घेतो, टोकन दिल्यावर तुम्ही त्याचा. तेव्हा मात्र ना पत्र, ना शुभेच्छा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढे एकच वाक्य, आणि त्यासाठी एआय लागत नाही. फॉलोअप भद्रावतीकरांच्या अंगवळणी पडला आहे म्हणा. नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. वीज काही आली नाही, जमीन मात्र वर्षानुवर्षे पडून राहिली. त्या शेतकऱ्यांनी किती अर्ज केले असतील! त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणी पाठवल्याचे ऐकिवात नाही.

खरे तर बिल्डरने पाठपुरावा करावा असे कायदाच सांगतो. घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याच्या 11 व्या कलमानुसार किती घरे बुक झाली, बांधकाम कुठवर आले, कोणत्या परवानग्या मिळाल्या, हे दर तीन महिन्यांनी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकावे लागते. 2023 मध्ये हे न केल्याबद्दल महारेराने साडेतीनशेहून अधिक प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली. नातवाचा वाढदिवस लक्षात ठेवणाऱ्या यंत्राला तिमाहीची तारीख तेवढी कोणी सांगत नाही.

आणि उद्या ‘ते आम्ही नाही, एआयने लिहिले’ असे कोणी म्हटले तर? कॅनडात एअर कॅनडाने हेच करून पाहिले. कुटुंबातल्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एकाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितले, की सवलतीसाठी नंतरही अर्ज करता येईल. कंपनीने सवलत नाकारली आणि वर युक्तिवाद केला, की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला पैसे मोजायला लावले. आपल्याकडे त्यासाठी कॅनडा गाठायला नको. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागण्याचा किंवा सगळे पैसे व्याजासह परत घेण्याचा हक्क रेराचे 12 वे कलम देते.

तेव्हा राजेहो, ही पत्रे वैतागून डिलीट करू नका. नदी, बाल्कनी, शांतता, सगळे जपून ठेवा. महारेराचा नंबर स्वतः संकेतस्थळावर टाकून पाहा, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त एक रुपयाही देऊ नका.