मा. पाच लाख रुपये यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. पाच लाख रुपये,
मु. पो. आयुष्मान कार्ड, दर्शनी बाजू.

विषय : आपण एकदा तरी समक्ष भेट देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, तुमचा मुक्काम आमच्या घरी आहे असं सरकारने कळवल्याला बराच काळ लोटला. परंडा तालुक्यातल्या आमच्या घरात तुमची सोय कपाटातल्या कागदपत्रांच्या पिशवीत केली आहे. शेजारी पीकविम्याची पावती आहे. तिच्याजवळ ठेवण्यात अपमानाचा हेतू नाही. दोघांचा स्वभाव सारखा, एकमेकांना करमेल एवढंच पाहिलं.

तुमची चढती कमान आम्ही लांबून पाहत आलो. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आम्ही नव्हतो. नोव्हेंबर 2013 मध्ये उरलेल्या महाराष्ट्राबरोबर आमचा नंबर लागला. तेव्हा तुम्ही कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होता. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये दिल्लीहून आयुष्मान भारत आलं. मग राज्याने दोन्हींची सांगड घातली आणि जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं असा कुठलाच भेद न ठेवता सगळ्यांनाच पाच लाख लागू केले. त्याआधी आमच्याकडच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही आत घ्यायचे, कारण आमचं नाव आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांच्या यादीत होतं. मेलेल्यांनी मागे राहिलेल्यांसाठी मिळवलेली सवलत होती ती. मधल्या काळात जिल्ह्याचंही उस्मानाबादचं धाराशिव झालं. थोडक्यात, नावं सगळ्यांची बदलली आणि आकडा तेवढा वाढत गेला.

अमेरिकेतल्या सरकारची मला कीव येते. तिथे गरिबांच्या मेडिकेड विम्यावरचा खर्च कमी करायचा तर जुलै 2025 मध्ये संसदेत रीतसर कायदा करावा लागला. वर त्यांच्याच संसदेच्या हिशेबनिसांनी छापून टाकलं की 2034 पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील. न्यू जर्सीतला आमचा भाचा फोनवर दोन तास यावरच बोलत होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडे अक्कल कमी. कापायचं कशाला? आकडा मोठा करून कार्डावर छापायचा आणि कापाकापी खिडकीवर होऊ द्यायची. मोर्चा निघत नाही, हिशेबनीस लागत नाही.

ती खिडकी तुम्ही पाहिलेली नसणार, म्हणून सांगतो. चुलतीचा खुबा मोडला. गावातून तालुक्याला, तालुक्यातून “सोलापूरला हलवा”. एका खासगी दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलापुढे स्ट्रेचर लावलं. मशीनवर अंगठा उठेना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेषा राहिल्यात कुठे? पदराने पुसला, पाण्याने पुसला, मग डावा लावला. तो उठला, तर आधारावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळेना. एका वेलांटीचा फरक. आरोग्यमित्र पोरगा भला होता. म्हणाला, “मामा, मंजुरी आली की लगेच घेऊ. तोवर काउंटरवर तेवढं डिपॉझिट भरून टाका, परत मिळेल.” योजना कॅशलेस असल्याचा बोर्ड त्याच काउंटरच्या वर होता. डिपॉझिटसाठी चुलतीची बोरमाळ गहाण पडली. ऑपरेशन झालं, तुमच्या नावावर झालं, ते नाकारत नाही. बोरमाळेचं व्याज मात्र आमच्या नावावर चालू आहे.

दवाखानेवाल्यांनाच शिव्या घालाव्यात तर त्यांचंही अगदीच खोटं नाही. पॅकेजचा दर परवडत नाही आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर येत नाहीत, हे गाऱ्हाणं देशभरचं आहे. हरियाणात ऑगस्ट 2025 मध्ये शेकडो खासगी दवाखान्यांनी थकबाकीपायी आयुष्मानचे पेशंट घेणंच थांबवलं होतं. तिथल्या पेशंटच्या कार्डावर त्या दिवशीही तुम्ही पाच लाखच होता, एक रुपया कमी नाही.

तुमच्यात साठ पैसे दिल्लीचे आणि चाळीस मुंबईचे, असं आम्ही समजून चाललो होतो. तसं ते आहेही, पण दिल्लीच्या यादीतल्या घरांपुरतं. ती यादी 2011 च्या सर्वेक्षणावरून बेतलेली. तेव्हा ज्याचं एका खोलीचं कच्चं घर होतं, त्याची गरिबी केंद्राला मान्य. त्यानंतर जो गरीब झाला, त्याने राज्याच्या तिजोरीकडे बघावं. आणि राज्याची तिजोरी कुणाकुणाकडे बघते, ते तुम्हीच जाणता.

ज्यांना तुमचा भरवसा वाटेना त्यांनी पदरमोड करून विमा काढला. त्या हप्त्यावर 2017 पासून 18 टक्के जीएसटी. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरींनी जुलै 2024 मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, हा कर काढा म्हणून. वैयक्तिक विम्यावरचा कर 22 सप्टेंबर 2025 ला निघाला. खुद्द केंद्रीय मंत्र्याच्या पत्रानंतर जवळजवळ चौदा महिने गेले, त्यामुळे माझ्या पत्राच्या उत्तराची मला घाई नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. आमचा जिल्हा तुम्हाला माहीत नसला तरी जगातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने 1999 पासून इथल्या 52 गावसमूहांतल्या 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. एप्रिल 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला : आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. हे आमच्या आयाबहिणींनी जगाला दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटना आता हीच चाचणी आधी करा म्हणते. आपल्या सरकारी तपासणीत मात्र अजून ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने बघण्यावर भर. चाचणीला पैसे मागितले की तुम्ही झोपलेले असता. गाठ वाढून बाई ॲडमिट झाली की दचकून उठता. तुमचा स्वतःचाच खर्च वाचला असता हो, म्हणून सांगतोय.

तरी विनंती की, यायचं ठरवलंत तर ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे, सोलापूरच्या गाडीचं भाडं आणि पेशंटजवळ थांबणाऱ्या माणसाचं दोन वेळचं जेवण एवढं बरोबर घेऊन या. ऑपरेशनचं बोलू सवडीने.

कळावे,
आपला नम्र,
एक लाभार्थी (कागदोपत्री)

प्रत : मा. अडीच टक्के, द्वारा राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017. सरकारचा आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर जाईल आणि आपण 2025 पर्यंत पोहोचाल, असं आपल्याबद्दल छापलं होतं. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत आपण 1.84 पर्यंत आलेले दिसलात; त्या वर्षी आरोग्यावरच्या दर शंभर रुपयांतले 39 लोकांच्याच खिशातून गेले. विलंबाचं कारण लेखी कळवावे. मा. पाच लाख आपलीच वाट पाहत कार्डावर थांबले असावेत, असा आमचा समज आहे.